कुलाब्याची नोंद आणि सूर्याचा क्षोभ

सन २०२४ च्या मे महिन्यांत, १० तारखेच्या रात्रीं, लडाखांतील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीं क्षितिजालगत पसरलेली एक तांबूस आभा टिपली. भारतांतून असा देखावा दिसणें ही अपूर्वाईची गोष्ट. त्यापूर्वींच्या दोन-तीन दिवसांत सूर्यबिंबावरील एका अवाढव्य डागसमूहांतून तप्त द्रव्याचे लोट एकामागून एक बाहेर पडले होते, आणि ते पृथ्वीवर येऊन आदळल्यामुळें तिच्या चुंबकीय क्षेत्रांत वीस वर्षांत झाली नव्हती एवढी खळबळ उडाली. असें कांहीं झालें म्हणजे त्याची तुलना सन १८५९ च्या 'कॅरिंग्टन वादळा'शीं करण्याचा प्रघात आहे. कारण आजवर ज्ञात असलेल्या सौर वादळांत तें सर्वांत प्रचंड वादळांपैकीं एक समजलें जातें. परंतु त्या वादळाचें मोजमाप आलें कोठून? तें लंडनचें नव्हे कीं पॅरिसचेंहि नव्हे. तें मुंबईच्या कुलाब्याचें आहे.

प्रथम वादळाची हकीकत सांगितली पाहिजे. रिचर्ड कॅरिंग्टन हा इंग्लंडांतील रेडहिल येथें स्वतःच्या वेधशाळेंत रोज सूर्यावरील डागांचीं चित्रें काढीत असे. डोळा दुर्बिणीस न लावतां तो सूर्याचें बिंब एका पडद्यावर पाडी व त्यावरून रेखाटन करी. १ सप्टेंबर १८५९ रोजीं सकाळीं ११ वाजून १८ मिनिटांनीं डागांच्या एका मोठ्या समूहावर त्यास दोन अत्यंत शुभ्र, लखलखीत ठिपके दिसले. दुसऱ्या कोणास तरी साक्षीस आणावें म्हणून तो धांवत गेला. मिनिटाभरांत परतला तों तेज ओसरूं लागलें होतें, आणि पांच मिनिटांत सगळें नाहींसें झालें. सुदैवानें रिचर्ड हॉजसन नांवाच्या दुसऱ्या एका निरीक्षकानेंहि तें स्वतंत्रपणें पाहिलें होतें, म्हणून कॅरिंग्टनवर कोणी अविश्वास दाखविला नाहीं. त्याच वेळीं लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय यंत्राच्या रेषेनें एक लहानसा हिसका दिला, आणि त्यानंतर साडेसतरा तासांनीं सर्व पृथ्वीभर चुंबकसूच्या अनावर झाल्या. क्यूबा व हवाई बेटांपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेंत बोस्टन व पोर्टलंड यांच्यामधील तारवाल्यांनीं आपल्या बॅटऱ्या सोडून दिल्या व नुसत्या आकाशांतून आलेल्या विजेवर कांहीं वेळ संदेश चालविले. हा प्रकार ऐकावयास गमतीचा वाटतो. विजेवर ज्यांचें सर्व कांहीं अवलंबून आहे अशा आजच्या शहरांना तो तितका गमतीचा वाटूं नये.

सूर्यावरील स्फोट आणि पृथ्वीवरील वादळ यांचा संबंध आहे असें ठामपणें म्हणण्याचें धैर्य खुद्द कॅरिंग्टनला झालें नाहीं. एका उदाहरणावरून नियम बांधूं नये, ही सावधगिरी त्यानें पाळली, आणि ती त्यास शोभणारीच होती.

आतां कुलाब्याकडे वळावयाचें. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें सन १८२६ मध्यें स्थापिली. बंदरांत येणाऱ्या जहाजांस अचूक वेळ कळावी हा मूळ हेतु; ज्ञानसाधना मागाहून आली. सन १८४१ मध्यें एल्फिन्स्टन संस्थेंतील अध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखालीं तेथें भूचुंबकत्वाचीं निरीक्षणें सुरू झालीं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांचाहि या वेधशाळेशीं संबंध आला. अलिबागजवळच्या नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे हे तर कोंवळ्या वयांतच, सन १८४० च्या सुमारास, तेथें कामास लागले आणि जवळजवळ दहा वर्षें राहिले. पुढें पुण्यास गणिताचे अध्यापक म्हणून ते विख्यात झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. सूर्यावरील डाग व पृथ्वीवरील हवामान यांचा संबंध हा केरोनानांच्या चिंतनाचा एक विषय होता. पर्जन्याशीं डागांचा मेळ घालण्याचा मोह त्यांच्यानंतरहि अनेकांना झाला. खानदेशासारख्या, आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलुखांत तो विशेष समजण्यासारखा आहे. मात्र शेतकऱ्यानें ज्यावर पेरणीचा बेत ठरवावा असा कोणताहि पक्का नियम त्यांतून हातीं आलेला नाहीं.

डागांचें ज्ञान आपल्याकडे अगदींच नव्हतें असें नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या आदित्यचारांत सूर्यबिंबावर दिसणाऱ्या 'तामसकीलकां'चें वर्णन केलें आहे, आणि तें डागांसच लागू पडतें असें विद्वान मानतात. परंतु त्याची दृष्टि शकुनाची होती. चाळीसगांवजवळ पाटण येथें भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेराव्या शतकाच्या आरंभीं मठ स्थापिला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. पाचोऱ्याच्या परिसरांतील माणसास या गोष्टीचा अभिमान वाटल्यास नवल नाहीं. तथापि त्या परंपरेचें सामर्थ्य गतीच्या गणितांत होतें. सूर्य अमुक घटकेस कोठें असेल, ग्रहण केव्हां लागेल, हें ती बिनचूक सांगूं पाहत होती. सूर्याच्या अंगावर रोज काय घडतें याची वही तिनें ठेवली नाहीं. आणि या शास्त्रांत तर सारें कांहीं वहीवरच अवलंबून आहे. जर्मनींतील डेसाव गांवच्या श्वाबे नांवाच्या औषधविक्यानें सन १८२६ पासून सतरा वर्षें रोज डाग मोजले, तेव्हां कोठें ते सुमारें दहा वर्षांच्या अंतरानें वाढतात व घटतात हें १८४३ मध्यें त्यास सांगतां आलें. आज हा काळ सरासरी अकरा वर्षांचा धरतात.

कुलाब्याची वही कशी भरत असे? रेशमी धाग्यानें टांगलेल्या एका चुंबकास लहानसा आरसा जोडलेला असे. समोर दुर्बीण व मापपट्टी. चुंबक केसभर हलला तरी आरशांतील पट्टीचा आंकडा बदले, आणि तो दुर्बिणींतून वाचून वहींत उतरावयाचा. हीं यंत्रें डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यांतील होतीं. वाचन दर तासास, रात्रंदिवस. आणि चुंबक अस्वस्थ दिसला कीं पंधरा-पंधरा किंवा पांच-पांच मिनिटांनीं. नुसतें डोळ्यांनीं पाहून आंकडा टिपणें हें काम किती कंटाळवाणें असेल याची कल्पना ज्यानें हजेरीपत्रकें भरलीं आहेत त्यासच येईल. कशासाठीं तें चाललें आहे याचें पुरतें उत्तर त्या काळीं युरोपांतल्या पंडितांजवळहि नव्हतें.

२ सप्टेंबर १८५९ रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास कुलाब्याच्या चुंबकानें प्रथम एक लहानसा चढ दाखविला. मग क्षितिजसमांतर बल एकाएकीं कोसळूं लागलें. तास-दीड तासाच्या आंत तें सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरलें. त्या ठिकाणचें एकंदर क्षितिजसमांतर बल तेव्हां ३७,००० च्या आसपास असल्यामुळें ही घट शेंकडा चारांहून थोडी अधिकच भरते. व्यवहारांत चार टक्के म्हणजे कांहींच नव्हे. परंतु २०२४ च्या ज्या वादळानें हान्लेचें आकाश लाल केलें त्यांत विषुववृत्तालगतच्या वेधशाळांची सरासरी घट चारशेंच्या आसपासच होती. इकडे कुलाब्याचा कर्मचारी पांच-पांच मिनिटांनीं आंकडे टिपीत होता. मध्यान्हापर्यंत बल पुन्हां झपाट्यानें वर येऊं लागलें. ते आंकडे यथाकाल सरकारी वेधशाळेच्या वार्षिक ग्रंथांत छापले गेले व कपाटांत जाऊन बसले.

सन २००३ मध्यें त्सुरुतानी, गोन्झालेझ, गुरबक्ष लाखिना आणि सोभना ॲलेक्स या चौघांनीं ते कपाटांतून बाहेर काढले. शेवटचीं दोघें मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील. कुलाब्याच्या वारशावरच उभी असलेली ही संस्था सन १९७१ मध्यें स्वायत्त झाली असून आज तिचें मुख्य ठाणें नवीन पनवेल येथें आहे. या चौघांनीं जगापुढें मांडलेल्या निबंधामुळें १८५९ च्या वादळास प्रथमच भरंवशाचा आंकडा मिळाला.

कुलाब्यासच हें महत्त्व कां यावें, हें समजण्यास सूर्यावर काय घडतें तें थोडें पाहिलें पाहिजे. सूर्य घन नाहीं. त्याचा मध्यपट्टा ध्रुवांकडील भागांपेक्षां जलद फिरतो. त्यामुळें त्याच्या पोटांतील चुंबकीय रेषा सुताच्या गुंड्याप्रमाणें गुरफटत जातात. जेथें त्यांचे वेढे पृष्ठभागाबाहेर येतात तेथें खालून येणारी उष्णता अडते, तो भाग तुलनेनें थंड व म्हणून काळा दिसतो. हाच डाग. डागांत प्रबळ चुंबकत्व असतें हें अमेरिकन ज्योतिषी हेल यानें सन १९०८ मध्यें दाखविलें. ताणलेल्या रेषा एकाएकीं तुटून नव्यानें जोडल्या गेल्या म्हणजे सांठलेली शक्ति मोकळी होते. तिचा प्रकाश पृथ्वीवर सव्वाआठ मिनिटांत पोंचतो, आणि कॅरिंग्टननें पाहिला तो हा प्रकाश. पुष्कळदां त्याबरोबर सूर्याच्या किरीटांतील अब्जावधि टन द्रव्य आपलें चुंबकत्व घेऊन अवकाशांत फेंकलें जातें. हा मेघ पृथ्वीपर्यंत येण्यास सामान्यतः एक ते तीन दिवस घेतो. १८५९ च्या मेघानें अठरा तासहि घेतले नाहींत.

मेघ आल्यावर पृथ्वीभोंवतीं विषुववृत्ताच्या पातळींत विद्युत्कणांचें एक कडें बनतें. त्यांतील प्रवाह पृथ्वीच्या चुंबकत्वास विरोध करितो, आणि विषुववृत्ताकडील प्रदेशांत क्षितिजसमांतर बल घटतें. ध्रुवांकडील प्रदेशांत याशिवाय दुसरेहि प्रवाह थैमान घालीत असल्यामुळें तेथल्या यंत्रांवरून मूळ वादळाचा अंदाज नीट लागत नाहीं. शिवाय त्या दिवशीं युरोपांतील छायाचित्रण करणाऱ्या यंत्रांचा प्रकाशबिंदु कागदाच्या बाहेरच निघून गेला. साधी पट्टी डोळ्यांनीं वाचणारें कुलाबा मात्र योग्य अक्षांशावर होतें आणि जागें होतें.

तथापि कुलाब्याचा शब्द हा अखेरचा शब्द आहे असें कोणी समजूं नये. तासाची सरासरी धरली तर १६०० चा आंकडा हजाराच्याहि खालीं येतो. कांहीं संशोधकांचें म्हणणें असें कीं, इतक्या थोड्या वेळांत कोसळून सावरणारी घट नुसत्या त्या कड्यामुळें होणार नाहीं. ध्रुवांकडचे प्रवाहच त्या दिवशीं नेहमींची मर्यादा सोडून मुंबईच्या बाजूस सरकले असावेत. याउलट पक्ष मांडणारेहि समर्थ आहेत. गेल्या कांहीं वर्षांत जुने ग्रंथ पुन्हां उघडून बलाच्या तिन्ही घटकांचे आंकडे नव्यानें तपासण्यांत आले आहेत. परंतु साक्षीदार मूळचा एकच असल्यामुळें वाद सहजासहजीं मिटणारा नाहीं, आणि तें वाचन कोणास पुन्हां घेतां येणार नाहीं.

आपल्या अक्षांशावर असल्या वादळांचें भय नाहीं, अशी एक सुखाची समजूत आहे. ती बव्हंशीं खरी आहे, पूर्णपणें नाहीं. रविवार, ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं एडनला व खार्टूमला ध्रुवीय प्रकाश दिसला, आणि मुंबईसहि तो दिसल्याचें तेथील इंग्रजी पत्रानें छापलें. मुंबईहून जाणाऱ्या समुद्री तारेचें काम त्या रात्रीं बिघडलें, आणि कुलाब्याच्या यंत्रांनीं पुन्हां एक मोठी घट नोंदविली. जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग तोंपर्यंत चाळीसगांव, पाचोरा, जळगांव करीत भुसावळच्या पुढें गेलेला होता, आणि रुळांच्या कडेनें तारेचे खांब उभे होते. जमिनीचें चुंबकत्व भराभर बदलूं लागलें कीं लांब तारेंत आपोआप प्रवाह उत्पन्न होतो. तार जितकी लांब तितका तो अधिक. सन १८७२ मध्यें या प्रवाहानें फार तर संदेश अडत. सन १९८९ च्या मार्च महिन्यांत कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज त्यानें सुमारें नऊ तास बंद पाडली व साठ लाख माणसें अंधारांत बसलीं. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रापासून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारा आज खानदेशभर पसरल्या आहेत. येथें क्वेबेकसारखा प्रसंग येण्याचा संभव पुष्कळच कमी आहे. परंतु कुलाब्याची १८५९ ची घट जर खरोखरच ध्रुवांकडच्या प्रवाहांमुळें झाली असेल, तर हे प्रवाह मुंबईपर्यंत येऊं शकतात असा तिचा अर्थ होतो. वरचा वाद केवळ पंडितांचा नाहीं तो यासाठीं.

सूर्याच्या अंगावरील ज्वाळा पाहण्याच्या इतिहासांतहि महाराष्ट्राचा वांटा आहे, पण तो सांगतांना एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. विजयदुर्गावर लॉकियर यांनीं सन १८६८ मध्यें हेलियमचा शोध लावला असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानें गुंटूरहून पाहिलें आणि पटवर्धनांच्या जमखंडीहून लेफ्टनंट हर्शेल यांनीं पाहिलें. बिंबाच्या कडेवरील ज्वाळा तेजोमय वायूच्या आहेत हें वर्णपटावरून सिद्ध झालें, व ग्रहणावांचूनहि त्या रोज पाहतां येतील हें जान्सेननें लगेच दाखवून दिलें. लॉकियर त्या वर्षीं इंग्लंडांतच होते; तेथूनच त्यांनीं ऑक्टोबरांत स्वतंत्रपणें तीच युक्ति साधली. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. किल्ल्याचें महत्त्व यानें कमी होत नाहीं. त्याच ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें प्रा. कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं घेतले. ग्रहणाचा पट्टा पुढें पुलगांवकडे गेला. पाचोऱ्यास सूर्य खंडग्रासच दिसला. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगींतून पुण्याच्या सायन्स कॉलेजांत उभारलेल्या वेधशाळेचे नायगांववाला हे प्रमुख होते. ते निवृत्त झाल्यावर, सन १९१२ मध्यें, ती वेधशाळा बंद करून तिचीं उपकरणें कोडाईकनालला हलविण्यांत आलीं. एक कर्तबगार माणूस निवृत्त झाला म्हणून एक वेधशाळाच मिटावी, ही पुण्याला भूषणावह गोष्ट नव्हे.

कुलाब्याच्या चुंबकीय कामासहि शहर सोडावें लागलें, पण वेगळ्या कारणानें. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें चुंबक बिघडणार हें उघड होतें. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख. त्यांनीं समुद्रापलीकडे अलिबाग येथें जागा निवडून लोखंडाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभारविली. ती सन १९०४ मध्यें सुरू झाली, आणि दोन्ही ठिकाणच्या आंकड्यांचा सांधा बेमालूम जुळावा म्हणून कुलाबा व अलिबाग यांची नोंद दोन वर्षें बरोबरीनें चालविण्यांत आली. ट्राम १९०७ मध्यें धांवूं लागली. कुलाब्याचे १८४६ ते १९०५ पर्यंतचे आंकडे संगतवार लावून मूस यांनीं सन १९१० मध्यें ते दोन थोर खंडांत प्रसिद्ध केले. सांधा जुळविण्याची ही दक्षता घेतली नसती तर आज १८५९ ची २०२४ शीं तुलना करणें अवघड झालें असतें. अलिबागचें काम अद्यापि चालू आहे.

नव्या काळांतील वही अवकाशांत आहे. भारताचें 'आदित्य एल-१' हें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालें. योगायोग असा कीं कुलाब्याच्या त्या सकाळीला त्याच दिवशीं १६४ वर्षें झालीं होतीं. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनें १५ लक्ष किलोमीटरांवर, जेथें दोघांचीं आकर्षणें जुळून यानास पृथ्वीबरोबर फिरतां येतें, तेथें तें ६ जानेवारी २०२४ रोजीं स्थिर झालें. त्यावर सात उपकरणें आहेत. त्यांपैकीं सूर्याचीं जंबुपार किरणांतील चित्रें घेणारी दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेनें घडविली. नायगांववालांची उपकरणें ज्या पुण्याहून गेलीं, त्याच पुण्याहून हें गेलें. किरीटाचें सतत निरीक्षण करणारें दुसरें उपकरण बंगलोरच्या खगोलभौतिकी संस्थेचें आहे. २२ फेब्रुवारी २०२४ चा एक अतिप्रबळ स्फोट पुण्याच्या दुर्बिणीनें टिपला. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्यें चालू डागचक्र, म्हणजे पंचविसावें, आपल्या शिखरावर पोंचलें.

सूर्यावरून मेघ निघाला हें या उपकरणांवरून आतां कांहीं वेळांतच कळतें. परंतु मेघाबरोबर येणाऱ्या चुंबकत्वाचा रोंख उत्तरेकडे आहे कीं दक्षिणेकडे, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीचें कवच उघडतें, उत्तरेकडे असेल तर बहुधा टळतें. हा रोंख दुरून ओळखण्याची खात्रीची रीत अद्याप सांपडलेली नाहीं. मेघ यानावरून जातांना त्यावरील चुंबकमापकच तो सांगतो. नेहमींच्या मेघास तेथून पृथ्वी गांठण्यास पाऊण-एक तास लागतो. १८५९ च्या मेघाचा सरासरी वेग सेकंदास सुमारें २,४०० किलोमीटर पडतो. त्या वेगानें येणारा मेघ यानापासून पृथ्वीपर्यंतचें अंतर दहा-अकरा मिनिटांत कापील.